दहा वर्षांची गॅरंटी की हातातले दहा टक्के?

दिवाळी होऊन थंडी पडली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ऑफिसात वॉटरप्रूफिंगची कोटेशनं यायला लागतात. वरच्या मजल्यावरच्यांनी जुलैत टाकलेले छताचे फोटो तोवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठल्या कुठे गेलेले असतात, पण ओल तिथल्या तिथे असते. कोटेशन बहुतेक एकपानी. वर लेटरहेड, मधे ‘टेरेस वॉटरप्रूफिंग, केमिकल ट्रीटमेंटसह’ एवढी एक ओळ, चौरस फुटाचा दर आणि तळाला ठळक अक्षरांत ‘१० वर्षांची गॅरंटी’. मीटिंगमध्ये चर्चा होते ती या दोन आकड्यांवर. कोणाचा दर कमी, कोणाची गॅरंटी जास्त.

माझ्या मते हे दोन्ही आकडे सगळ्यात शेवटी बघायचे असतात. सोसायटीचे पैसे खरोखर वाचवतात ते दुसरेच कागद: कामाचं नेमकं वर्णन, पैसे कधी कधी द्यायचे याचा तक्ता आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत अडकवून ठेवलेली रक्कम. ही तीन धड असतील तर पाच वर्षांची गॅरंटीही चालते. नसतील तर पंचवीस वर्षांच्या गॅरंटीचं लॅमिनेशन करून ऑफिसात लावायला हरकत नाही.

कंत्राटदार शोधण्याआधी एक गोष्ट तपासा: खर्च तुमचा आहे का? इमारत नवी असेल तर रेरा कायद्याचं कलम १४(३) बघा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दिसला आणि बिल्डरला तसं कळवलं, तर त्याने ३० दिवसांत तो विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. गळकं टेरेस यात बसतं. फक्त ‘कळवलं’ म्हणजे फोन केला असं नाही. रजिस्टर्ड पोस्टाने पत्र आणि ईमेल दोन्ही. बऱ्याच सोसायट्या चौथ्या वर्षी स्वतःच्या पैशाने घाईघाईत कोटिंग मारून घेतात आणि मग बिल्डर म्हणतो, तुम्ही आमच्या कामाला हात लावलात, आता आमची जबाबदारी नाही.

जुन्या इमारतीत खर्च सोसायटीचा. ‘गळती तुमच्या घरात, तुम्हीच बघा’ हे वरच्या मजल्यावरच्या काकूंना ऐकवायची सोय उपविधींनी, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीने, ठेवलेली नाही. टेरेसमधून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने त्यांच्या छताचं प्लास्टर गेलं असेल तर तेही सोसायटीनेच करून द्यायचं असतं. म्हणून हे आतलं प्लास्टर कंत्राटात घाला. बहुतेक वेळा ते राहून जातं आणि टेरेस चकाचक झाल्यावर काकूंचं पोपडे आलेलं छत तसंच राहतं. फक्त ते काम स्लॅब पूर्ण सुकल्यावरच करायचं, हेही लिहा; ओल्या स्लॅबवर रंग मारला तर दिवाळीच्या आत पुन्हा फुगतो.

मग ठराव. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्तीवर समितीला स्वतःच्या अधिकारात एका वेळी खर्च करता येतो तो २५ सभासदांपर्यंतच्या सोसायटीत २५ हजार, २६ ते ५० सभासद असतील तर ५० हजार आणि त्याहून मोठ्या सोसायटीत १ लाख. टेरेसचं काम या मर्यादेत बसणं कठीणच, त्यामुळे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. विशेष सभेला पूर्ण ५ दिवसांची नोटीस द्यावी लागते, वार्षिक सभेला १४ दिवसांची. मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. तिथून उलटं मोजा: पाणी भरून चाचण्या, काँक्रीट आणि कोबा (स्लॅबवरचा उताराचा जाड थर) सुकणं, मोडतोड, कंत्राट, निविदा, सभा. जानेवारीत सभा झाली तर काम निवांत होतं. एप्रिलमध्ये झाली तर कंत्राटदार तुमच्या अटी ऐकत नाही, कारण घाई तुम्हाला असते.

ठरावात फक्त ‘टेरेसच्या कामास मंजुरी’ असं लिहू नका. कोणाला, किती रकमेपर्यंत, पैसे कोणत्या निधीतून आणि करारावर सह्या कोण करणार, एवढं आलंच पाहिजे. समितीतल्या कोणाचा मेव्हणा कंत्राटदार असेल तर तेही सभेत आधी बोललं गेलेलं बरं. सोसायटीच्या पदाधिकाऱ्याचा सोसायटीच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा आडून कुठलाही हितसंबंध उपविधींना चालत नाही.

आता कामाच्या वर्णनाकडे येऊ. इथे हात आखडता घेऊ नका, दोनाची दहा पानं झाली तरी चालतील.

तीन कंत्राटदारांना ‘टेरेसला काय लागेल ते सांगा’ म्हटलं तर तीन वेगळी कामं कोटेशनमध्ये येतात. एक जुना कोबा ठेवून वरून कोटिंग मारणार, दुसरा कोबा फोडून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा आणि वर चायना चिप्स (फुटक्या टाइल्सचे तुकडे) करणार, तिसरा मेंब्रेनची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थराची, पट्टी चिकटवणार. या तीन दरांची तुलना होत नाही. म्हणून आधी सोसायटीने स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमून कामांची यादी, म्हणजे बीओक्यू, करून घ्यायची आणि तिघांनाही तीच कोरी यादी दर भरायला द्यायची. इंजिनिअर असा हवा की जो माल विकत नाही आणि ज्याचा स्वतःचा कंत्राटदार नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली स्ट्रक्चरल तपासणी करावीच लागते. तो अहवाल कपाटात असेल तर टेरेसबद्दल त्यात काय म्हटलंय ते आधी वाचा. जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकायचा बेत असेल तर इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय पुढे जाऊ नका. चार इंच जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जातं, आणि ते कायमचं स्लॅबवर बसतं.

बीओक्यूतली एक ओळ कशी असावी? कोटेशनमध्ये असतं ते असं: ‘जुना कोबा काढून केमिकलसह वॉटरप्रूफिंग करणे.’ याऐवजी साधारण असं हवं: ‘जुना कोबा मूळ स्लॅब उघडा पडेपर्यंत काढणे, डेब्रिज त्याच दिवशी गोणीत भरून लिफ्ट न वापरता खाली आणणे, स्लॅबमधील भेगा व्ही आकारात कापून अमुक कंपनीच्या अमुक मालाने भरणे, अमुक मालाचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा, पॅरापेटवर (कठड्याच्या भिंतीवर) एक फूट उंचीपर्यंत चढवणे, पाण्याच्या पाइपांच्या तोंडांत आतपर्यंत उतरवणे, त्यावर पाणी भरून ४८ तास चाचणी, मग पाइपच्या दिशेने शंभराला एक उतार देऊन कोबा, कडेने, भिंत आणि टेरेसच्या सांध्यात, गोल वाटा.’ वाचायला कंटाळवाणं आहे. पण टेरेस गळतं ते सपाट मैदानात क्वचित. गळतं ते वाट्याला, पाइपच्या तोंडाशी, टाकीच्या खांबांच्या बुडाशी. नेमक्या याच जागा एका ओळीच्या कोटेशनमध्ये नसतात.

मोजमाप कसं होणार तेही आधीच ठरवा. टेरेसचं क्षेत्रफळ २,००० चौरस फूट असेल आणि पॅरापेटवर चढवलेला एक फूटही त्यात धरायचा असेल, तर बिल वाढतं. वाटा वेगळा रनिंग फुटाने लावला तर आणखी वाढतं. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती ते कामाआधी लिहिलेलं हवं. ‘प्रत्यक्ष मोजमापानुसार’ असं असेल तर मोजताना सोसायटीचा माणूस हजर असेल आणि मापांच्या वहीत दोघांच्या सह्या होतील, हे जोडून घ्या. टाकीची शिडी, सोलरची पॅनलं, डिश अँटेना, केबलवाल्याच्या वायरी कोण काढणार आणि कोण पुन्हा लावणार? आणि पुन्हा लावताना नव्या कोब्यात ड्रिल मारायचं नाही, हे त्या केबलवाल्याला कोण सांगणार? गॅरंटीच्या कागदावर ‘तिऱ्हाइताने भोक पाडल्यास गॅरंटी रद्द’ हे वाक्य हमखास असतं.

मालाच्या बाबतीत एक साधी युक्ती आहे. प्रत्येक केमिकलच्या माहितीपत्रकावर एका लिटरमध्ये किती क्षेत्र होतं ते छापलेलं असतं. समजा दोन हात धरून लिटरला १० चौरस फूट होतात. मग २,००० चौरस फुटांना २०० लिटर, म्हणजे २० लिटरच्या १० बादल्या. करारात लिहा की माल सीलबंद येईल, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये बॅच नंबरसकट नोंदेल आणि रिकाम्या बादल्या इंजिनिअरने मोजल्याशिवाय टेरेसवरून हलणार नाहीत. दहाच्या जागी सहा निघाल्या तर बाकीच्या चार बादल्यांऐवजी तुमच्या टेरेसवर पाणी मारलं गेलंय. या एका अटीला जो कंत्राटदार हरकत घेतो, त्याचा दर कितीही कमी असो, मी तरी त्याला पुढच्या फेरीत घेणार नाही.

पाण्याच्या चाचणीचाही हिशेब करून ठेवा. २,००० चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे जवळजवळ साडेनऊ हजार लिटर, एक मोठा टँकर. मे महिन्यात पाणीकपात चालू असताना हा टँकर कोणी मागवायचा यावरून काम चार-चार दिवस अडतं. आणि चाचणी दोनदा लागते, एकदा कोटिंगनंतर आणि एकदा कोबा झाल्यावर. पहिली चाचणी चुकवली तर गळती नेमकी कोणत्या थरात आहे ते पुढे कळत नाही. चाचणीच्या दिवसांत वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन छत बघायचं आणि कागदावर त्या घरमालकाची सही घ्यायची.

आता पैसे. समजा काम ६ लाखांचं ठरलं. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘जीएसटी एक्स्ट्रा’ असेल तर १८ टक्क्यांनी १ लाख ८ हजार वर, म्हणजे ७ लाख ८ हजार. एकाने जीएसटी धरून दर दिला आणि दुसऱ्याने वेगळा ठेवला, तर स्वस्त वाटणारा महाग असू शकतो. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात: नाव तेच आहे का, नोंदणी चालू आहे का, आणि तो लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत तर नाही ना. त्या योजनेतल्या माणसाला बिलावर वेगळा जीएसटी लावताच येत नाही. लेटरहेडवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव एकच हवं. एक रद्द केलेला चेक मागून घ्या.

‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल, कॅशमध्ये करून टाकू’ ही ऑफर येतेच, आणि सभेत तिला टाळ्याही मिळतात. पण बिल नाही म्हणजे कंत्राटदाराने हे काम केल्याचाच पुरावा नाही. मग गॅरंटी कशाची, तक्रार कोणावर, आणि ऑडिटरला सहा लाखांचं काय दाखवणार?

सोसायटीने कंत्राटदाराच्या बिलातून टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापायचा असतो, हे लहान सोसायट्यांना बहुधा नोटीस आल्यावर कळतं. एका वेळची रक्कम ३० हजारांवर किंवा वर्षभराची मिळून १ लाखावर गेली की कापणं आलं: कंत्राटदार व्यक्ती किंवा एकत्र कुटुंब असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के, आणि पॅन नसेल तर २० टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवर, म्हणजे आपल्या उदाहरणात कंपनी असेल तर १२ हजार. यासाठी सोसायटीचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, लागतो. तो नसेल तर आधी तो काढा.

हप्त्यांचा तक्ता कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नाही. ६ लाखांचे असे भाग पाडता येतात: सही झाल्यावर आणि पहिला माल आवारात उतरल्यावर ६० हजार, मोडतोड, डेब्रिज बाहेर आणि भेगा भरून झाल्यावर १ लाख २० हजार, कोटिंग होऊन पहिली चाचणी पास झाल्यावर १ लाख ८० हजार, कोबा, चायना चिप्स आणि दुसरी चाचणी झाल्यावर १ लाख ८० हजार. राहिलेले ६० हजार, म्हणजे दहा टक्के, रिटेन्शन. प्रत्येक हप्त्याआधी इंजिनिअरचं सर्टिफिकेट. ‘५० टक्के आगाऊ, ४० काम चालू असताना, १० संपल्यावर’ असा तक्ता कंत्राटदार देतात. त्यात ‘काम चालू असताना’ म्हणजे नक्की कधी, हे फक्त त्यालाच माहीत असतं.

या ६० हजारांची गोष्ट जरा सविस्तर. काम मेमध्ये संपतं, टेरेस कोरडं खडखडीत असतं आणि सगळे खूश असतात. खरी परीक्षा जून ते सप्टेंबरमध्ये, सांताक्रूझच्या वेधशाळेत २ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जातो तेव्हा. त्या चार महिन्यांत कंत्राटदाराने फोन उचलावा असं वाटत असेल तर त्याचं काहीतरी तुमच्याकडे हवं. म्हणून रिटेन्शन ३१ ऑक्टोबरनंतरच, आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांची पाहणी करून. कंत्राटदार घासाघीस करेल, ‘पाच टक्के ठेवा’ म्हणेल. पाच टक्के चालतील, पण तारीख ३१ ऑक्टोबरच्या अलीकडे आणू देऊ नका. शिवाय लिहा की गळतीची लेखी तक्रार केल्यापासून इतक्या दिवसांत त्याने दुरुस्ती सुरू केली नाही, तर सोसायटी दुसऱ्याकडून करून घेईल आणि खर्च यातून वळता करेल.

आता ती गॅरंटी. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं जातं. कंपनी देते ती मालाची वॉरंटी: डब्यातला माल सदोष निघाला तर बहुधा नवा माल, मजुरी नाही. कंत्राटदार देतो ती कामाची. कोटेशनमध्ये कंपनीचं नाव आणि ‘१० वर्षे’ शेजारी शेजारी छापून दोन्हींची सरमिसळ होते. कंपनीची वॉरंटी हवी असेल तर कंत्राटदार तिचा अधिकृत अ‍ॅप्लिकेटर (माल लावणारा) आहे का हे कंपनीकडूनच लेखी विचारा, आणि मालाची बिलं सोसायटीच्या पत्त्यानिशी जपा. कंत्राटदाराच्या गॅरंटीत चार प्रश्नांची उत्तरं शोधा: दुरुस्तीचा माल कोणाचा, फक्त गळती दिसते तेवढाच तुकडा की भोवतालचा भाग, किती दिवसांत, आणि कोणत्या कारणांनी गॅरंटी रद्द. ‘स्ट्रक्चरल क्रॅक वगळून’ असं असेल तर जवळजवळ सगळंच वगळलं, कारण गळतीचं कारण म्हणून क्रॅकच दाखवला जातो. कामाआधी इंजिनिअरने भेगांचा नकाशा आणि फोटो करारालाच जोडले, तर नवी भेग कोणती आणि जुनी कोणती यावर वाद उरत नाही.

करार स्टॅम्प पेपरवर करा. १०० रुपयांच्या पेपरचा जमाना ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, आता किमान ५०० रुपये. मोठ्या रकमेच्या कंत्राटाला मुद्रांक शुल्क रकमेप्रमाणे वाढतं, ते सीएला विचारून भरा. सोसायटीचा शिक्का, अध्यक्ष, सचिव आणि समितीने अधिकार दिलेल्या सदस्याची सही, ठरावाचा क्रमांक आणि तारीख. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या, बीओक्यूच्या पानांवरसुद्धा.

मजुरांच्या विम्याचा विषय काढला की मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, ‘दोन आठवड्यांचं तर काम आहे.’ टेरेसच्या कडेला उभं राहून पॅरापेट फोडणारा माणूस सातव्या मजल्यावरून पडायला एक क्षण लागतो. वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसीची प्रत काम सुरू होण्याआधी घ्या. त्यावर कामाचा पत्ता, मजुरांची संख्या आणि मुदत बघा. गेल्या वर्षी संपलेली पॉलिसी पुढे करणारे कमी नाहीत. डेब्रिज कुठे जाणार तेही लिहा. रात्री नाल्याकाठी रिकामं केलेलं पोतं सोसायटीच्या नावावर येऊ शकतं. महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, तिची पावती फाइलला लावा. आणि वॉटरप्रूफिंगऐवजी टेरेसवर पत्र्याची शेड टाकायची असेल तर तो वेगळाच खटला: वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने खात्याकडून लेखी उत्तर आल्याशिवाय कंत्राटदाराला आगाऊ पैसे देऊ नका. ‘परमिशन मी बघतो’ म्हणणारा कंत्राटदार शेड पाडायला गाडी येते तेव्हा दिसत नाही.

बैठ्या चाळीत एखाद्या खोलीचे पत्रे बदलायचे असतील तर इतका पसारा नको, अर्धं पान पुरे. पत्र्याची कंपनी आणि मिलिमीटरमध्ये जाडी, एकावर एक किती चढवणार, हुक आणि वॉशर कोणते, जुने पत्रे कोणाचे, आणि पाऊस आला तर ताडपत्री कोणाची. दर लावताना चढवलेला भाग दोनदा मोजला नाही ना, तेवढं बघा.

उशिरासाठी दिवसाला अमुक हजार दंड, असं कलम बहुतेक करारांत असतं. ते ठेवा, पण त्यावर फार विसंबू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं, आकडा लिहिला म्हणजे तो मिळालाच असं नाही. प्रकरण तुटेपर्यंत ताणलं तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोग, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार करणारा राहतो तिथेच ती दाखल करता येते. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मात्र आयोगापुढे तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो. तिथे लागतात मापांच्या वहीची पानं, चाचणीच्या सह्या, बादल्यांचे फोटो आणि तक्रारीच्या पत्राची पोहोच.

हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि तिची स्कॅन केलेली प्रत सोसायटीच्या ईमेलवर, सेक्रेटरींच्या खासगी मेलवर नव्हे. समितीची मुदत ५ वर्षांची, गॅरंटी दहा वर्षांची. सातव्या वर्षी छत ठिबकेल तेव्हा ऑफिसात वेगळी माणसं असतील, म्हणून नव्या समितीला चार्ज देताना कागदपत्रांच्या यादीत या फाइलची स्वतंत्र ओळ टाका आणि मूळ करार त्यात आहे हे घेणाऱ्याला उघडून दाखवा.